फोटोमागची क्वार्टर

मिलिंद,

तुझ्या फोटोमागे आत्ता एक क्वार्टर उभी आहे. सीलबंद. तीच, तुझ्या आवडीची, जिचं झाकण तू दातांनी फिरवायचास आणि मी ओरडायचे. ठेवली तुझ्या आईनं. दुकानातून आणली मी. घरात आता मी एकटी आहे आणि संध्याकाळ होत आली आहे. म्हणजे आपली वेळ.

मी कुकरेजा दीदींना फोन केला. दारू सोडलेल्यांच्या आमच्या बैठकीतल्या दीदी, ज्यांना तू 'तुझी हेडमास्तरीण' म्हणायचास. त्यांनी एकच विचारलं, "खोली तो नहीं?" नाही म्हटलं. "तो मैं आ रही हूँ. तब तक उसे हाथ मत लगाना. हाथों को कोई काम दो. कुछ लिखो, किसी को भी."

किसी को भी! मी दुसऱ्या कुणाला लिहिणार रे?

दीदी राहतात वैशालीला, गाझियाबादमध्ये. ब्लू लाइनचं ते एक टोक आणि आपली द्वारका जवळजवळ दुसरं. मधे अख्खी दिल्ली पडली आहे. तेवढा वेळ मला काढायचा आहे, म्हणून हे पत्र. वर्षभर तुला लिहायचं टाळलं. आज हात रिकामे ठेवायची सोय नाही.

आज तुला जाऊन वर्ष झालं. आई आणि सुधीर भाऊजी हिंगणघाटहून आले होते. सकाळी भंतेजी यायचे होते. हॉलमध्ये पांढरी चादर अंथरली होती, मी खीर ढवळत होते. आई स्वयंपाकघरात आल्या, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नंदा, त्याची ते आणली का वं?"

मला कळलंच नाही. "काय आई?"

"ते. त्याले लागे ते. फोटोमागं ठेवाले."

तुमच्या घरची ती रीत मी विसरूनच गेले होते. तुझ्या बाबांच्या पहिल्या वर्षाला आईंनी त्यांच्या फोटोमागे खर्र्याची पुडी ठेवली होती, आठवतं? समोर वंदना चाललेली आणि मागून सुपारी-तंबाखूचा वास. तू माझ्या कानाशी लागून म्हणालास, "हे कुठल्याच ग्रंथात नाही, फक्त आमच्या आईच्या ग्रंथात आहे." गेलेल्याला जे आवडायचं ते फोटोमागे ठेवायचं. आणि ठेवलेलं फेकायचं नाही. त्याची आवड असणाऱ्या माणसाला देऊन टाकायचं. बाबांची पुडी पानठेल्यावरच्या त्यांच्या दोस्ताला मिळाली होती. ती हातात घेऊन तो म्हातारा केवढा रडला होता!

पण कुठे खर्रा आणि कुठे ही! ज्या आईनं 'सोड रे बाबा, सोड' म्हणत तुझ्यापुढे पदर पसरला, तीच आता हे मागते? मी म्हटलं, "आई, तिच्यामुळेच तर गेला तो."

"त्याले आवडत होती न? मंग? आजच्या दिवशी उपाशी ठेवू का त्याले?"

"भाऊजींना पाठवते."

"सुधीरले काय माहीत कोणती आणाची. तुले माहीत आहे."

आणि मी गेले, मिलिंद. खिरीखालचा गॅस बंद केला, शाल गुंडाळली आणि मार्केटमधल्या त्या दारूच्या ठेक्यावर गेले. शटर नुकतंच वर केलं होतं. तोच माणूस होता, मफलरवाला. "अरे मैडम! बहुत दिन बाद! सर नहीं आए?" मी म्हटलं, "सर के लिए ही है." खोटं नव्हतं ते. त्यानं न विचारता काढून दिली, काळ्या पन्नीच्या पिशवीत घातली. घरापर्यंत मी ती हातभर लांब धरून चालले, मेलेला उंदीर टाकायला न्यावा तशी. पण हाताला तिचं वजन ओळखीचं वाटलं, हेही तुला सांगते. तुझ्याशी नाही तर कुणाशी खरं बोलू?

मग भंतेजी आले. मेणबत्त्या लागल्या. पंचशील सुरू झालं. पाचव्या शीलाला तुला नेहमी खोकला यायचा ना! लग्न असो, मयत असो, चार शीलं खणखणीत म्हणायचास आणि मादक पदार्थांचं आलं की ठसका. मी मान खाली घालून ओठ हलवायचे. आज पहिल्यांदा मी ते मोठ्यांदा म्हटलं. समोर तू हसतोयस, आणि तुझ्या पाठीशी ती! भंतेजींना काय ठाऊक! मला हसू येत होतं आणि हसले असते तर रडू थांबलं नसतं.

दीदींचा मेसेज आला. यमुना बँक. म्हणजे अजून नदीही ओलांडलेली नाही त्यांनी.

भंतेजी गेल्यावर जेवणं झाली. तुझ्या ऑफिसातले आले होते. सगळे माझ्याकडे बघून एकच म्हणत होते. बिचारीनं फार सोसलं. भाऊजीही म्हणाले, "वहिनी, तुम्ही होत्या म्हणून निभलं. दुसरी असती तर केव्हाच माहेरी गेली असती." मी मान डोलवली. वर्षभर मी हीच मान डोलवते आहे. बेवड्याची सोशिक बायको! काय सोंग आहे, मिलिंद! आणि हे सोंग तू मला शिवून दिलंस, मापानं.

कारण माझा ग्लास स्टीलचा होता.

किती साधी युक्ती होती! पाहुणे आले की तू हॉलमध्ये पुरुषांबरोबर काचेचा ग्लास घेऊन बसायचास आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत येऊन माझ्या स्टीलच्या ग्लासात ओतून जायचास. वरून लिंबू सरबत. बाई स्टीलच्या ग्लासातून पिते म्हणजे पाणीच पिते, ही आपल्या लोकांची ठाम समजूत. ओट्याशी उभी राहून, पोळ्या लाटत, मी तुझ्याबरोबरीनं प्यायचे. तू माझ्या ग्लासावर ग्लास टेकवून म्हणायचास, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मला ते किती आवडायचं! माझ्या मैत्रिणींचे नवरे त्यांना चहासुद्धा हातात देत नव्हते, आणि माझा नवरा माझा वाटा काढून ठेवत होता. बाटली आली की अर्धी तुझी, अर्धी माझी. कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या सरकारी अतिथीगृहाच्या कँटीनमध्ये आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हाही तू झुणका-भाकर अशीच मधोमध वाटली होतीस. मी तिथेच पाघळले. समानता म्हणजे हीच, असं वाटलं मला. काय अक्कल!

तू मला पाजलीस असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. मीच तर बाल्कनीत दोन खुर्च्या टाकल्या होत्या. ऑफिसातून परत येताना मेट्रोत मीच तुला मेसेज करायचे, शेंगदाणे आहेत ना? मंत्रालयात दिवसभर दुसऱ्यांच्या फायलींचं भाषांतर करून डोकं भणभणायचं. साडेसातला पहिला घोट घेतला की डोकं शांत व्हायचं. मग दुसरा. मग रोज. मग सुट्टीच्या दिवशी दुपारी. पुढे तर सकाळी हात थरथरतात म्हणून एक घोट, की ऑफिसात सही नीट यावी. तुझाही हात थरथरायचा. आपण एकमेकांकडे बघून हसायचो. हसायचो रे!

आणि मग हिंगणघाट. तुझ्या मावसबहिणीचं लग्न. सुधीर भाऊजींची मिनू तेव्हा केवढीशी होती. हळदीच्या दुपारी धावत स्वयंपाकघरात आली, तहानलेली, आणि ओट्यावरचा स्टीलचा ग्लास उचलून तोंडाला लावला. माझा ग्लास. तिचा तो चेहरा, ते खोकणं, श्वास अडकून निळं पडलेलं तोंड! सगळं घर धावलं. भाऊजींनी ग्लास हुंगला. "कोणाचा आहे हा?" मी तिथेच उभी होते, हातात लाटणं.

तू दारातून म्हणालास, "माझा आहे."

भाऊजींनी तुझ्या थोबाडीत मारली. मोठ्या भावाच्या. सगळ्या वऱ्हाडासमोर. आई कपाळ बडवून घेत होत्या. तू गाल धरून उभा होतास आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, कारण बघितलं असतंस तर लोकांना कळलं असतं.

मिनूला काही झालं नाही. संध्याकाळी नाचत होती. पण परतीच्या गाडीत मी तुला म्हटलं, मी सोडते आहे. तू म्हणालास, "मग मीपण. अर्धं-अर्धं."

आपण दोघं मिळून दारू सोडणार होतो! डॉक्टरांकडे गेलो, दोघांनी एकाच रांगेत बसून गोळ्या घेतल्या. घामानं चादरी भिजायच्या, तू माझी बदलायचास, मी तुझी. खुर्च्या बाल्कनीतून आत घेतल्या. साडेसातला काय करायचं ते कळायचं नाही, म्हणून सोसायटीला फेऱ्या मारायचो, आणि तिसऱ्या फेरीला बोलायला काही उरायचं नाही. पीत होतो तेव्हा केवढं बोलायचो! की बोलतोय असं नुसतं वाटायचं?

मग दिवाळीत तू घसरलास. घरी आलास, पिशवीतून बाटली काढलीस, आणि दोन ग्लास मांडलेस. दोन! एक काचेचा, एक स्टीलचा. "आज फक्त, नंदा." मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. तुला सांगितलं नव्हतं कधी. तू हरलास याचा मला आनंद झाला, कारण आता मलाही हरता येणार होतं.

पुढचं सगळं असंच. तू पडलास की मी पडायचे, मी पडले की तू. सकाळी एकमेकांना माफ करून टाकायचो. आपल्या घरात रागावणारं कुणी नव्हतंच, मिलिंद. मूल नव्हतं, सासरचे लांब. दोघेही चोर, मग पोलीस कोण होणार?

राजीव चौक. दीदी लिहितात, 'भीड़ बहुत है. तू लिख रही है ना?' लिहिते आहे, बाई, लिहिते आहे. आत्ता उठून फोटोपर्यंत जाऊन आले. हात लावला नाही. फक्त बघितलं, आहे का जागेवर. ती कुठे जाणार आहे!

बैठकीला मी एकटी जायला लागले ते तुला आवडलं नव्हतं. दोनदा आलास, मागच्या खुर्चीवर बसलास, आणि बाहेर पडल्यावर म्हणालास, "यार, इतकं काही वाईट नाही आपलं." दीदींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या तो बोतल घर से जाएगी, या तू." मी तीन दिवस ते पोटात ठेवलं. मग तुला म्हटलं, मिलिंद, तुला सोडायला जमत नसेल तर नसेल. पण घरात नाही.

मला वाटलं, तू चिडशील. तू म्हणालास, "मान्य. घरात नाही." आणि माझा स्टीलचा ग्लास उचलून खाली गाडीत नेऊन ठेवलास.

तेव्हापासून तू बेसमेंटमध्ये प्यायला लागलास, आपल्या पार्किंगमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर. साडेसातला पायात चपला सरकवायचास. मी शेंगदाणे भाजून डबा तयार ठेवायचे. थंडी असली की कानटोपी द्यायचे. ड्युटीवर निघालेल्या माणसाला टिफिन द्यावा तशी मी तुला डबा देत होते, आणि तू म्हणायचास, "चलो, येतो." नऊच्या सुमाराला वर यायचास, बडीशेप चावत, माझ्यापासून लांबून चालत हॉलमधल्या सोफ्यावर जाऊन झोपायचास. मला वास येऊ नये म्हणून. एकदाही नियम मोडला नाहीस. एकदाही! सरकारी माणूस!

मी सुटत गेले. तू खाली जात राहिलास.

मी एकदाही खाली आले नाही, मिलिंद. एकदाही तुझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले नाही. भीती वाटायची. तो वास, तो ग्लास, तू प्रेमानं म्हणशील 'घे, अर्धी' आणि मी घेईन. खरंच घेतली असती. पण आता वर्षभर डोळ्यांसमोर तीच रिकामी सीट येते. बेसमेंटमध्ये फोनला रेंज नसते, हेही मला ठाऊक होतं.

तो रविवार होता. रविवारी तू दुपारीच जायचास. धुकं असं की समोरचा टॉवर दिसत नव्हता. काचा बंद करून बसला असशील. मी वर स्वेटर घड्या करत होते. अंधार पडला तरी आला नाहीस तेव्हा वाटलं, डोळा लागला असेल. कानटोपी आहे, म्हटलं. मग दाराची बेल वाजली आणि गार्ड उभा होता. "मैडम, साहब उठ नहीं रहे." डॉक्टर नंतर म्हणाले, उलटी झाली आणि श्वासात अडकली. शेजारी कुणी असतं, नुसतं कुशीवर वळवलं असतं, तरी... शेंगदाण्यांचा डबा सीटवर होता. तू अर्धे ठेवले होतेस.

आता आजचं ऐक. आजचं सांगायलाच हे सगळं लिहिलं.

निघायच्या आधी आई म्हणाल्या, "मले ते जागा दाखव." भाऊजींना वर ठेवलं आणि मी त्यांना लिफ्टनं खाली नेलं. गाडी तशीच आहे, कव्हर घातलेली. कव्हर काढलं, दार उघडलं. आत अजून बडीशेपेचा वास आहे रे! आई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. किती लहान दिसत होत्या, स्टीअरिंगच्या मागे पदर धरून. मी बाहेर उभी.

"बस न इकडून."

"नको आई."

"काहून? तवाही नव्हती बसत, आताही नाही बसत?"

मी वळून दुसऱ्या बाजूनं गेले आणि बसले. पहिल्यांदा. आई समोरच्या खांबाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "तुह्याच्यानं इथं बसणं होत नव्हतं, ते मले माहीत आहे. तू सोडली म्हणून."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्यानं फोन केला होता मले. तू सोडल्यावर. लेकरावानी रडत होता. म्हणे, आई, तो मिनूवाला ग्लास माहा नव्हता, नंदाचा होता. पण नंदानं सोडली आई. आमच्यातलं एक तरी सुटलं."

तू सांगितलंस! ज्या गुपितासाठी थोबाडीत खाल्लीस ते तूच आईला सांगितलंस, आणि सांगितलं आहेस हे मला नाही सांगितलंस! वर्षभर मी या बाईसमोर सोशिक सून म्हणून बसले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिला सगळं माहीत होतं! कधी केलास हा फोन? खाली जायच्या आधी, की वर आल्यावर, तोंडात बडीशेप असताना? आणि मला का नाही म्हणालास कधी, की तुला माझा अभिमान वाटतो? मला तर वाटायचं, तुला मी फितूर वाटते.

मी विचारलं, "मग सकाळी मलाच का पाठवलंत आणायला?"

"पाहाचं होतं मले," आई म्हणाल्या. "आणते का पिऊन येते."

असं तोंडावर! मी म्हटलं, "आणि प्यायले असते तर?"

"तर मंग माहा पोरगा फुकट खाली बसला असता."

वरून कुणीतरी गाडी उतरवली, उजेड आमच्यावरून गेला. आई म्हणाल्या, "एक सांग मले. तू सुटली, तर त्याचा हात काहून सोडला?"

मी म्हटलं, "धरून ठेवला असता तर मीही गेले असते, आई."

"हो. तेही खरं आहे." मग म्हणाल्या, "पण मी माय आहे वं. मले दोघंही पायजे होते."

माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही. मीही मागितली नाही. टॅक्सीत बसताना माझा हात घट्ट धरला, दुखेल इतका. "ठेवलेलं फेकजो नको. ज्याले आवडते त्याले देजो." आणि गेल्या. ज्याला ती आवडते असं या घरात एकच माणूस उरलं आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तो शाप होता की भरवसा, मला अजून कळलेलं नाही.

मला ती हवी आहे, मिलिंद. लपवत नाही. साडेसात वाजून गेले. जीभ कोरडी पडली आहे, मनगटं गरम झाली आहेत. डोक्यात तुझाच आवाज आहे, आणि तो इतका गोड बोलतो! आज फक्त, नंदा. वर्षाचा दिवस आहे. आईनंच तर म्हटलं, ज्याला आवडते त्याला. रीतच आहे ती. अर्धी तुझी, अर्धी माझी. मी मघाशी स्वयंपाकघरात जाऊन एक स्टीलचा ग्लास काढला होता. धुतला, पुसला, ओट्यावर ठेवला. आणि मग तो बघून मला मिनू दिसली.

दीदी आत्ता जनकपुरीला आहेत. आता जवळच.

मी ठरवलं आहे. ही बाटली मी गार्डला देणार नाही. त्यालाही आवडते, पण त्याची बायको गावाहून आली आहे, तिच्या घरात ही मी का सोडू? फेकणारही नाही, तुझ्या आईचा शब्द आहे. आणि वर ठेवणार नाही. ऐक, पुन्हा तेच सांगते, रागावू नकोस. घरात नाही. अजूनही नाही.

पण या वेळी तुला एकट्याला खाली पाठवणार नाही.

दीदी आल्या की तुझी क्वार्टर त्या उचलतील, मी शेंगदाणे घेईन. मघाशीच भाजले आहेत, लिहिता लिहिता करपले थोडे. आपण खाली जाऊ. तुझ्या बाजूचं दार उघडून, ड्रायव्हरच्या सीटपुढे खाली, जिथे तुझे पाय असायचे तिथे दीदी ती ओततील. सगळी. ज्याला आवडते त्याला. अर्धी नाही रे, सगळी तुझी. आणि मी शेजारच्या सीटवर बसेन, स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन. फक्त पाणी. दीदी हुंगून बघतील हवं तर. ओतून संपेपर्यंत मी उठणार नाही, तोंड फिरवणार नाही, 'वास येतो' म्हणणार नाही.

आणि मग, मिलिंद, वचन देते, मी वर येईन.

बेल वाजली.

तुझी,
नंदा